पिकअप डिझेलवर गेली त्याची हकीकत

गारखेडा, औरंगाबाद
२० ऑगस्ट १९७८

ती. नानासाहेबदादा,

इथूनच वाकून तुमच्या पायांना हात लावते. समोर असते तर तुम्ही पेपर खाली न करता "असू दे, असू दे" म्हणाला असता. तेही झालं असं धरून चालते. वच्छलावहिनींच्या गुडघ्यांचं कसं आहे? निरगुडीचा पाला गरम करून बांधा म्हणावं, आणि बांधल्यावर माळ्यावर चढू नका म्हणावं (मागच्या वेळी त्या पाला बांधून कुरडया बघायला चढल्या होत्या). तुमचा खोकला पावसानं वाढला असेल. इकडं सगळे बरे आहेत. हे "बरे आहेत" लिहून मी दोनदा पेन खाली ठेवला, पण खोडत नाही. जिवंत सगळे आहेत, आणि या महिन्यात तेवढ्याला बरं म्हणायला हरकत नसावी.

पंचमीला मी माहेरी आले नाही. वहिनींनी लिंबाला झोका बांधून वाट पाहिली असेल, आणि तुम्ही, द्वारका कधीपासून इतकी मोठी झाली, असं म्हणाला असाल. मी मोठी झाले नाही. त्याला कारण आमची पिकअप, आणि ते सगळं सांगायचं तर जरा मागून यावं लागेल. तुम्ही पान खाऊन निवांत बसा.

पिकअप तुम्हाला ठाऊक आहे. (वहिनींना हर्सूलच्या देवीला नेलं होतं तेव्हा दार आतून उघडेना म्हणून त्या खिडकीतून उतरल्या होत्या, तीच.) शेवरलेटची, लढाईच्या आधीची. कुणा जहागीरदारानं शिकारीची कुत्री न्यायला घेतली होती म्हणतात. पोलीस अ‍ॅक्शननंतर बरीच वर्षं गोदामात पडून होती, मग तीन-चार हातांतून फिरून आमच्या अंगणात आली. चिकलठाण्याला कारखाने वाढले तसे तिथल्या कँटीनना सकाळी सातच्या आत भाजी पोचवायचं काम यांना मिळालं, आणि तेव्हापासून हे त्या गाडीशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात. पण जुनं पेट्रोलचं इंजिन ढोरासारखं प्यायचं. शेवटी यांनी ठरवलं की गाडी डिझेलवर करायची. जालन्याच्या भंगारातून एक डिझेलचं इंजिन आणलं आणि ते आठ दिवस माझ्या ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवलं. त्या आठ दिवसांच्या भाकरीला कसला वास होता ते मी लिहीत नाही.

इंजिन बसवायला कचरू मिस्त्री आला. हा डिझेल इंजिनांच्या पंपाचा मिस्त्री. तिशीतला, बारीक, बोलणं कमी. शहरातल्या पंपाच्या दुकानात अकरा वर्षं काम करतो. ट्रकवाले त्याच्यासाठी तास तास थांबतात. तो जयभीमवाला आहे, हे तुम्ही विचारायच्या आत सांगते. (पहिले दोन दिवस मी त्याला कान तुटलेल्या कपात चहा दिला. आपल्या घरी शिकवलंय तसंच. तिसऱ्या दिवशी यांनी तो कप उचलून स्वतःला घेतला आणि मिस्त्रीपुढं चांगला सरकवला. तो कप मग मी उकिरड्यावर टाकला.)

आता मला डिझेलचं इंजिन कळतं, तेव्हा थोडक्यात सांगते. पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. त्याला एक पंप असतो. तो बारीक नळ्यांमधून डिझेल इतक्या जोरानं दाबतो की नळीच्या टोकाच्या नोझलमधून त्याचं धुकं होतं आणि ते आपोआप पेटतं. एवढं सगळं लोखंड, पण नळीत हरभऱ्याएवढी हवा शिरली की पंप हवाच दाबत बसतो आणि इंजिन मरतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बाजूचा छोटा दांडा हातानं वरखाली करत राहायचं, आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल येतं, की स्क्रू आवळायचा. याला हवा काढणं म्हणतात. मी ती डोळे झाकून काढू शकते. तुमच्या बहिणीच्या हातात ही एक कला नव्यानं आली आहे.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी यांनी नारळ फोडला, आणि आनंदाच्या भरात दुसऱ्या दिवशी सगळी गाडी हिरव्या ऑइलपेंटनं रंगवून काढली. दारं, फळ्या, दिव्यांच्या कडा, सगळं. मग निघाले कँटीनला. दीड कोसावर गाडी खोकली आणि बंद पडली. हवा काढली, चालू झाली. आणखी तेवढीच गेली, पुन्हा बंद. त्या दिवशी भाजी साडेनऊला पोचली आणि कँटीनच्या साहेबानं सांगितलं की असं आणखी दोनदा झालं तर काम दुसऱ्याला.

मग आठवडाभर आमचं अंगण म्हणजे दवाखाना झालं. गंमत अशी की अंगणात उभी केली तर तासभर चाले. रस्त्यावर गेली की मरे. कचरूनं सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहिले (साबण माझा). डिझेल गाळून घेतलं (गाळणं माझं). सांध्यांतली तांब्याची वायसरं (गोल चकत्या) बदलली. ती बाजारात मिळेनात तेव्हा यांनी माझ्या तांब्याच्या तपेल्याचं बूड कापून वायसरं केली. फिल्टर नवा, नळी नवी. पंप उघडून दुकानात तपासून आणला, निर्दोष. कचरू गाडीखाली पडल्या पडल्या म्हणायचा, "मामी, हवा कुठून येती ते सापडना." हे त्याला झोप लागू देत नव्हतं, आणि मला त्याचं बरं वाटायचं, कारण तेव्हा शहरात झोप न लागण्याची दुसरीही कारणं होती.

ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठवड्यात सगळं पेटलं. तुम्ही सभेत बोललात असं ऐकलं. मी सातवीपर्यंतच शिकले, विद्यापीठ लांबून पाहिलंय, त्याला कुठलं नाव द्यावं यावर मला तुमच्यासमोर बोलता येणार नाही. पण कचरूची बायको केसरबाई तेव्हा बाळंतपणाला बिडकीनच्या पलीकडं माहेरी होती. आठ वर्षांची मुलगी पारू आणि वीस दिवसांचं बाळ. चार ऑगस्टला सकाळी कचरू आला तो गाडीखाली गेलाच नाही. उभाच राहिला. शेजारच्या गावात घरं जाळली, असं कुणीतरी सांगत आलं होतं. एसटी बंद होत्या. त्यानं यांना विचारलं, "मामा, गाडीची ट्रायल घ्यायची होती ना. पैठण रोडला घेऊ का?"

हे बराच वेळ टायर बघत राहिले. (टायरला काही झालं नव्हतं.) मग म्हणाले, "ट्रायल लांबची घेतलेलीच बरी." मी आत जाऊन पदर खोचून आले. बाई पुढं बसली असली की गाडी कमी अडवतात, हे मी म्हटलं. खरं तर घरात बसून वाट पाहणं मला झालं नसतं.

जाताना गाडी तीनदा मेली. एकदा चितेगावच्या अलीकडं, एकदा तुमच्या फाट्याच्या थोडं पुढं (फाटा तेव्हा मोकळा होता, नुसती शेळी चरत होती), एकदा बिडकीनच्या बाजाराजवळ. दर वेळी कचरू बॉनेट उघडायचा, मी दांडा हाणायची आणि हे चारी दिशांना बघायचे. रस्त्यावर माणूस नव्हता. दुकानं बंद. पुलाखालचं पाणीसुद्धा मला गप्प वाटलं. बिडकीनला दहा मिनिटं थांबावं लागलं, तेव्हा दोघं-तिघं ओट्यावरून उठून आमच्याकडं बघत उभे राहिले. आले नाहीत. नुसते बघत राहिले.

वस्तीवर पोचलो तर लोक आधीच पोतडी बांधून शेतांच्या वाटेनं निघालेले. केसरबाई दारात उभी होती, बाळ टॉवेलात, पारूच्या हातात परकराची गाठोडी. मी माझी जादा आणलेली पैठणी काठाची साडी तिला नेसवली आणि केबिनमध्ये माझ्या आणि यांच्या मधे बसवलं. पारू माझ्या मांडीवर. कचरू मागं फळीत, हत्यारांच्या पेटीला टेकून.

दादा, यापुढचं मी सावकाश लिहिते.

परत येताना बिडकीन पार झालं आणि मला वाटलं सुटलो. दुपारचे चार वाजले असतील. तुमच्या फाट्याजवळ वळण घेतलं तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या, धुमसणारं टायर आणि मधोमध बैलगाडी आडवी. सात-आठ माणसं. हातात काठ्या. यांनी ब्रेक लावला आणि त्याच क्षणी इंजिन खोकलं आणि मेलं. इतकी शांतता झाली की बाळ दूध पीत होतं ते ऐकू येत होतं.

कचरू खाली उतरला आणि पेटी घेऊन पुढं येऊन बॉनेट उघडलं. दुसरं काय करणार? हवा काढायला सुरुवात केली. पांढऱ्या शर्टातला एकजण खिडकीशी आला. आपल्या गावचा नव्हता, मी त्याला आधी पाहिलेलं नाही. बाकीच्यांत दोघं-तिघं ओळखीचे होते, आणि मागं तुमचा भिकन उभा होता, तुमची मेंढरं वळणारा. त्यानं मला पाहिलं आणि काठी खाली टेकवली.

"कुठून आलात?" शर्टवाल्यानं विचारलं.

"बिडकीनहून," हे म्हणाले.

"ही बाई कोण?"

मी म्हटलं, "माझी धाकटी जाऊ हाय. ओली बाळंतीण हाय, ताप भरलाय. घाटीच्या दवाखान्यात नेतोय."

मागून कुणीतरी बोललं, "बद्रीनाथरावाला भाऊ कुठंय? एकलाच हाय की तो."

मग सगळ्यांनी भिकनकडं पाहिलं, कारण आपल्या घरचं त्याला सगळं ठाऊक. केसरबाईनं माझं मनगट धरलं होतं, त्यात माझ्या दोन बांगड्या फुटल्या. मला वाटलं, आता भिकनच्या तोंडावर आहे सगळं. तो जरा वेळ केसरबाईकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चुलत हाय. पैठणला असतो. लग्नात मीच वाढायला होतो पंगतीत."

इतकं सांगून तो थुंकला आणि दुसरीकडं बघायला लागला. दादा, मी या माणसाला लहानपणापासून ओळखते. त्याला मी कधी एवढं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

शर्टवाल्याला ते पटलं का नाही, कुणास ठाऊक. त्याची नजर टायरवर होती, ते विझत आलं होतं. "डिझेलची गाडी ना? मंग दोन लिटर द्या," म्हणाला, आणि स्वतःच जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. झाकण निघालं आणि टाकीनं एवढा मोठा श्वास आत घेतला, हुश्श करून, की तो माणूस दोन पावलं मागं सरला. बॉनेटखालून कचरूचं डोकं वर आलं. काठ्या, माणसं, सगळं विसरून तो टाकीकडं बघत होता. त्या वेळी मला कळलं नाही, मी समजले की हा आता वेडा झाला.

डिझेल ओढायला त्यांना रबरी नळी पाहिजे होती. शर्टवाल्यानं कचरूच्या पेटीचं झाकण वर केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो चिकटवलेला होता.

त्यानं झाकण तसंच धरून ठेवलं. मग शर्टवाला म्हणाला, "मिस्त्री कुण्या गावचा?"

"औरंगाबादचा."

"नाव?"

कचरूनं हात फडक्याला पुसले. खोटं सांगायला त्याला वेळ होता, मी बघत होते. त्यानं सांगितलं, "कचरू सखाराम."

यानंतर यांनी स्टार्टरचं बटण दाबलं. हे म्हणतात विचार करून दाबलं. मी शेजारी होते, यांचा हात घसरून बटणावर पडला, एवढंच मला दिसलं. पण इंजिन एका दमात धडाडलं. अर्धीच हवा काढलेली, तरी धडाडलं. कचरूनं बॉनेट आपटून लावलं. आणि भिकन ओरडला, "ब्रेक नाय ह्या गाडीला, सरा बाजूला," आणि त्यानं बैलगाडीचं जू खांद्यावर घेऊन एकट्यानं ती फिरवली. एवढीच फट पडली की आमची एक फळी तिला घासून गेली. कचरू धावत येऊन मागं लोंबकळला. दगड आले. एक त्याच्या कपाळाला लागला. पेटी तिथंच रस्त्यावर राहिली.

चितेगाव आलं, गेलं. गाडी थांबली नाही. झाकण साखळीला लटकून टाकीवर टणटण वाजत होतं आणि डिझेल उडत होतं, पण गाडी थांबली नाही. शहर दिसायला लागलं तेव्हा मागून कचरूनं फळीवर थाप मारली. हे घाबरून थांबले. तो उतरला, डोक्याला टॉवेल बांधलेला, त्यातून रक्त येत होतं, आणि सरळ टाकीशी जाऊन झाकण हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. त्या झाकणाला सुईएवढं एक भोक असतं, डिझेल जाईल तशी हवा आत यावी म्हणून. ते हिरव्या ऑइलपेंटनं बुजलेलं होतं. हवा आत यायला जागा नाही, म्हणून पंप ओढून ओढून दमायचा आणि सांध्यांतून मिळेल तिथून हवा ओढायचा.

"हे कुणी रंगवलं?" कचरूनं विचारलं.

हे म्हणाले, "सगळी गाडी रंगवली तर झाकण कसं सोडायचं."

कचरू हसला. आठवड्यात पहिल्यांदा हसला. मग रस्त्याच्या कडेला खाली बसला. केसरबाई उतरून त्याच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली. यांनी माझ्या केसांतला आकडा मागितला, भोक मोकळं केलं, आणि तो आकडा परत मला दिला, जसा काही त्याला दुसरा उपयोग उरला होता.

अशी ही हकीकत. आता गाडी छान चालते. सातच्या आत भाजी पोचते. कँटीनचे साहेब खूश आहेत. कचरूच्या कपाळाला चार टाके पडले, ते निघाले. या सगळ्या गडबडीत पंचमी निघून गेली, म्हणून मी आले नाही. वहिनींना समजावून सांगा आणि माझ्या वाटणीचा झोका त्यांनीच घ्यावा (बसूनच घ्यावा).

मुलांना आशीर्वाद. पावसात भिजू नका.

तुमची धाकटी,
द्वारका

ता. क. फाट्यावरची बैलगाडी आपलीच होती. मी तिच्यातून सासरी आले, साटीच्या फळीवरची पितळी फुलं वडिलांनी माझ्यासमोर ठोकली होती. हे म्हणाले, लिहू नकोस, दादांना वाईट वाटेल. म्हणून वरती लिहिलं नाही, इथं लिहिलं.

आणखी एक. भिकनला कुणी बोललं, तर द्वारकाआक्कानं सांगितलं म्हणून त्यानं गाडी सरकवली असं सांगा. त्याला कामावरून काढलं असेल तर परत बोलवा. तो खोटं बोलला, पण त्या दिवशी त्या फाट्यावर आपल्या घराचं नाव एकट्यानं राखलं ते त्यानं.

आणि ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. कचरूची पेटी. अकरा वर्षांत एकेक करून जमवलेले पाने त्यात आहेत, नोझल तपासायचं यंत्र आहे, ते त्यानं स्वतः बनवलेलं, बाजारात मिळत नाही. पंधरा दिवस तो दुकानात दुसऱ्यांच्या हत्यारांनी काम करतोय, म्हणजे बहुतेक उभाच असतो. ती पेटी तुमच्या गोठ्यात, कडब्याच्या मागं ठेवली आहे. मला कसं कळलं ते विचारू नका. ती कुणाच्या हाती पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या. झाकणाच्या आतला फोटो फाडला असेल तर तसं आधी कळवा, म्हणजे मी दुसरा आणून ठेवीन.

शेवटचं. केसरबाई आणि लेकरं आमच्याकडंच आहेत, तू आलास की झोपतोस त्या खोलीत. त्यांना सांगितलंय की माझा दादा येणार आहे, पेटी घेऊन. काल जेवताना पारूनं मला विचारलं, मामी, तुमचा दादा त्या काठीवाल्यांतला होता का? मी नाही म्हटलं. दादा, तू तिथं होतास का नव्हतास, मला माहीत नाही. मी नाही म्हटलंय, एवढं ध्यानात ठेवून ये.